हिरव्या कोटाची तबकडी

भगवंत शिर्क्यांच्या हातात वस्तू आली आणि त्यांनी ती उलटी करून पाहिली नाही, असं कधी झालं नाही. साखर आणली की घरच्या ताणकाट्याला पिशवी अडकवून पुन्हा तोलायची. गोळ्यांच्या पाकिटावरचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवायचा. लग्नपत्रिका आली तर आधी मागची बाजू बघायची, कुठल्या छापखान्यात छापली म्हणून. बदलापूर-कुळगावातले दुकानदार पूर्वी त्यांना हसायचे. आता ते दिसले की वस्तू स्वतःच उलटी करून पुढे ठेवतात.

हा स्वभाव जन्मतः आला की नोकरीनं दिला, ते सांगणं कठीण आहे. साताऱ्याकडचं गाव सोडून आलेल्या भगवंताला अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत वॉचमनची जागा मिळाली. तिथे ग्रामोफोनच्या तबकड्या दाबणारा एक कारखाना होता. भजनं, सिनेमाची गाणी, नाट्यपदं, मधूनमधून इंग्रजी, सगळं तिथे काळ्या चकतीवर उमटायचं. ही चकती फार मोहाची वस्तू होती. चपटी असल्यामुळे सदऱ्याआड मावायची आणि बाहेर तिला गिऱ्हाईक तयार असायचं. म्हणून शिफ्ट सुटली की प्रत्येकाची झडती व्हायची आणि झडती घ्यायचे भगवंत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. हात वर. कमरेवरून हात फिरला की डबा उघड. डब्यात भात उरलेला असेल तर तोही चमच्यानं हलवून बघायचा, जणू काही भातात तबकडी लपते. सगळं झालं की दोनच शब्द यायचे, "व्हा पुढं." हे त्यांनी बावीस वर्षं केलं. कॅसेट आली, कारखान्याला टाळं लागलं, तोपर्यंत केलं. अकाउंटंटची पिशवी बघितली, मॅनेजरच्या मेव्हण्याची बघितली. आपल्या गेटवर कुणाला सूट नव्हती हे ते आजही अभिमानानं सांगतात, आणि ऐकणाऱ्याला ते चहा संपेपर्यंत ऐकावं लागतं.

घरीही गेट चालूच होतं. बायको अंजनी बाजारातून आली की कुठे गेली होतीस, वेळ का लागला, सोबत कोण होतं, हे सगळं सांगूनच तिला चपला काढता यायच्या. ती उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका सिंधी शेठकडून जीनच्या पँटी शिवायला आणायची. शेठ भला माणूस होता, तरी त्याच्या प्रत्येक गठ्ठ्यातल्या पँटी भगवंत स्वतः मोजून घ्यायचे. एकदा दोरीवर वाळत घातलेला त्यांचा जुना खाकी युनिफॉर्मचा शर्ट नाहीसा झाला. चाळीत शेजारी रामभाऊ राहायचे. तो त्यांनीच नेला असं भगवंतांनी ठरवून टाकलं. पुरावा एवढाच, की रामभाऊंनी त्या आठवड्यात भांडी पुसायला नवं फडकं काढलं होतं. त्या शर्टावरून दोन घरांतलं बोलणं तुटलं ते आजतागायत. चाळीच्या जागी इमारत झाली, दोघांना एकाच मजल्यावर समोरासमोर दारं मिळाली, तरी तुटलेलंच राहिलं. अंजनी त्या सगळ्या भांडणात खाली मान घालून पँटी शिवत बसायची. ती जाऊन आता सहा वर्षं झाली.

तर अशा माणसाच्या नातीचं लग्न ठरत होतं. ऋतिका म्हणजे त्यांच्या मुलाची, महेशची मुलगी. बदलापूरच्याच एका शाळेत ऑफिसात काम करते. मुलगा तिनंच पसंत केलेला. कल्पेश गायकर, राहणार चामटोली, एका लॅबमध्ये रक्त तपासतो. रक्त तपासणारा आहे म्हणून भगवंतांना तो जरा बरा वाटला होता. बाकी चौकशी त्यांनी केलीच. जमीन किती, घर कुणाच्या नावावर, वडील काय करतात. गायकर हे आडनाव त्या बाजूला घरटी सापडतं, त्यामुळे आडनावावरून त्यांच्या मनात काही आलं नाही. साखरपुडा आठ दिवसांवर होता.

त्या रविवारी कल्पेश आला तो बगलेत एक चौकोनी वस्तू घेऊन. वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. आजीनं दिलीय, म्हणाला, आजोबांच्याच हातात द्यायची असं तीनतीनदा सांगितलंय. भगवंतांनी कागद सोडवला आणि खुर्चीत जरा मागे रेलले.

तबकडी होती. कव्हरवर गिटार घेऊन वाकलेला एक माणूस, केस तेलानं चापून बसवलेले, ओठांवर बारीक मिशी, आणि अंगात हिरवा कोट. अमेरिकेतला कुणी जुना गाणारा. ते धांगडधिंग्याचं संगीत, ज्याला रॉक अँड रोल म्हणतात, ते सुरू करणाऱ्यांपैकी तो एक, असं तेव्हा कारखान्यात मॅनेजरनं सांगितलं होतं. त्याची निरनिराळ्या वर्षांतली सोळा गाणी एकत्र करून ही तबकडी काढायची होती. कव्हरं उल्हासनगरला छापून आली तेव्हा निळा कोट हिरवा होऊन आला होता, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. सगळे त्याला हिरवा कोटवाला म्हणायचे.

ऋतिका कौतुकानं म्हणाली की असल्या तबकड्या लोक आजकाल विंटेज म्हणून शोधत फिरतात. भगवंतांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तबकडी उलटी केली, खालच्या कोपऱ्यातला नंबर वाचला आणि कल्पेशला विचारलं, तुझे आजोबा कुठे कामाला होते?

"अंबरनाथला होते थोडे दिवस. रेकॉर्डच्याच कंपनीत," कल्पेश सरळ मनानं म्हणाला. "मग सोडलं. मला जास्त आयडिया नाय."

"नाव?"

"सदाशिव. गावात सदू म्हणायचे."

भगवंतांनी तबकडी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून बसले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते कल्पेशला कळायचं कारण नव्हतं. एकेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट होती. हिरव्या कोटाच्या एक हजार तबकड्या दाबून, पेट्यांत भरून तयार झाल्या आणि परदेशच्या कंपनीची परवानगीच आली नाही. मालकानं हुकूम सोडला की सगळा माल फोडून भुगा करा आणि मशीनला परत घाला, एकही बाहेर जाता कामा नये. फोडताना मोजणी झाली. नऊशे नव्याण्णव भरल्या. पुन्हा मोजलं, तरी नऊशे नव्याण्णव. म्हणजे एक भगवंताच्या गेटमधून बाहेर गेली होती, आणि साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं की शिर्के, झोपला होतास काय?

तो अपमान त्यांना फार लागला. रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी त्यांनी नाव दिलं. सदू. हा दाब-मशीनवरचा पोरगेला कामगार. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण हिरवा कोटवाला लागला की मशीनच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरायचा. शनिवारी सुटताना तो नेहमीपेक्षा ताठ चालत होता, पाठीकडे आपला हात गेला नाही आणि सदऱ्याआड काहीतरी चौकोनी होतं, असं भगवंतांनी सांगितलं. सदू नाही म्हणाला. त्याच दिवशी हिशेब करून त्याला काढून टाकलं. भगवंतांनी ओळखीच्या दोन-तीन गेटवरही त्याचं नाव कळवून ठेवलं, त्यामुळे वसाहतीत त्याला पुन्हा कुणी उभं केलं नाही.

आणि आता ती हजारावी तबकडी त्यांच्या मांडीवर होती, सदूच्या घरातून आलेली. कुणालाही वाटेल की माणूस हादरला असेल. भगवंतांना तर आनंद झाला. एकेचाळीस वर्षांनी ते बरोबर ठरले होते.

कल्पेश गेल्यावर त्यांनी घरात सांगून टाकलं की हे लग्न होणार नाही. चोराच्या घरात मुलगी द्यायची नाही, आणि चोरी तरी किती निर्ढावलेली, चोरलेला माल भेट म्हणून व्याह्यांकडे पाठवतात. यात त्या म्हातारीचा काहीतरी डाव आहे. महेश गप्प बसला, तो बापासमोर नेहमीच गप्प बसतो. ऋतिका मात्र आजोबांसमोर खुर्ची ओढून बसली. ती रडली नाही की ओरडली नाही.

"आजोबा, तुम्ही स्वतः जा आणि चोरी सिद्ध करून या," ती म्हणाली. "सिद्ध झाली तर मीच कल्पेशला ना बोलते. पण नाही झाली, तर साखरपुड्याला तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. मागे भिंतीला टेकून नाही."

भगवंतांना ही अट आवडली. पुराव्यावर चालणारी मुलगी आहे, आपल्यावर गेलीय, असं त्यांना वाटलं. तिच्या आवाजातला कंप त्यांना ऐकू आला नाही. पोरीचं सगळं त्या एका फेरीवर लटकलं होतं, आणि निवाडा करणारा माणूस असा, की ज्यानं जन्मात कुणाला निर्दोष सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत तबकडी, पाण्याची बाटली आणि छत्री घालून ते रिक्षानं चामटोलीला गेले. रिक्षावाला लांबच्या रस्त्यानं नेतोय असा संशय त्यांना दोनदा आला.

गायकरांचं घर गावाच्या कडेला, पुढे वालाचा मांडव. सदूची बायको तुळशी ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. तिनं त्यांना ओळखलं असावं. पाणी आणून दिलं, बसायला चटई टाकली आणि पुन्हा शेंगांकडे वळली. नमस्कार काही केला नाही. भगवंतांनी पाणी प्यायच्या आधी तांब्यात डोकावून पाहिलं, ते तिनं बघितलं.

त्यांनी पिशवीतून तबकडी काढून तिच्यासमोर ठेवली आणि गेटवर विचारायचे त्याच आवाजात विचारलं, ही तुमच्या घरात कशी आली? सदूनं आणली, हो की नाही?

"त्यानं नाय आणली," तुळशी म्हणाली. "तुमच्या घरनं आली. तुमची बायको घेऊन आल्ती."

भगवंत हसले. असली उत्तरं त्यांनी गेटवर पुष्कळ ऐकली होती. मेलेल्या माणसावर ढकललेलं कुणी तपासू शकत नाही, म्हातारी हुशार आहे. ते तिला तसं म्हणालेही.

तुळशीनं शेंगांची परात बाजूला सारली आणि सांगायला लागली. आवाज चढवला नाही. सदूला काढल्याला आठ-दहा दिवस झाले होते. भर उन्हात एक बाई दाराशी आली, पोटाशी काहीतरी धरलेलं. कॅम्प पाचच्या शेठकडे पँटी द्यायला जाते असं घरी सांगून ती उलट्या दिशेला चामटोलीला आली होती. दर शनिवारी कारखान्यातले फाटके खोके तिचा नवरा सायकलला बांधून घरी आणायचा, पँटींच्या गठ्ठ्याला खाली-वर घालायला. त्या पुठ्ठ्यांच्या दोन थरांत ही तबकडी चिकटून बसली होती. पुठ्ठा सोडवताना तिच्या हाताला लागली. कुणी चोरली नव्हती, कुणी लपवली नव्हती. रिकाम्या खोक्यात एक राहून गेली होती, एवढंच.

भगवंतांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा बाजूला झालं. खोके ते आणायचे हे खरं होतं. साहेबानंच परवानगी दिली होती. शनिवारी सगळ्यांची झडती संपली की शेवटी ते स्वतः पुठ्ठ्यांचा भारा सायकलला बांधायचे, गेटला कुलूप लावायचे आणि निघायचे. तो भारा कुणी उघडून बघितला नव्हता. बघणारे तेच होते.

पण खोक्यांचं सदूलाही ठाऊक असणार. गेटवर सगळे बघायचे. त्यावरून गोष्ट रचता येते, असं म्हणून त्यांनी मान झटकली. पुरावा काय?

तुळशी उठून आत गेली. आत पेटीचं झाकण वाजलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक कापडी खोळ होती, तबकडी बरोबर मावेल एवढी चौकोनी. तिनं ती त्यांच्या गुडघ्यावर ठेवली.

खाकी कापड होतं. एका बाजूला खिसा तसाच ठेवलेला, आणि खिशाच्या वर एक लांबट तुकडा बाकीच्यापेक्षा गडद, कारण तिथे वर्षानुवर्षं नावाची पट्टी होती आणि तिथपर्यंत ऊन पोचलं नव्हतं. खोळीच्या चारही कडा नारिंगी दोऱ्यानं शिवलेल्या होत्या. जीनच्या पँटीला घालतात तो दोरा. एक शिवण, तिच्या शेजारी दुसरी शिवण. अंजनी नेहमी दुहेरी शिवायची. एकेरीवर तिचा भरवसा नव्हता, कारण शिवण उसवली तर घरी प्रश्न व्हायचे.

भगवंतांनी सवयीनं खोळ उलटी केली. आतून कॉलरची पट्टी दिसली. तिच्यावर शाईनं घातलेला सातचा आकडा होता, तो त्यांनी स्वतःच घातला होता, धुवायला दिल्यावर शर्ट बदलला जाऊ नये म्हणून.

त्यांनी त्या आकड्यावरून अंगठा फिरवला. मग भगवंतांनी विचारलं, आणि या वेळी आवाज गेटवरचा नव्हता, की तिनं मला का नाही सांगितलं?

"म्या बी इचारला तिला," तुळशी म्हणाली. "तर बोलली, ते माज्यावरच संशय घेतील. बोलतील, तुला कोनी दिली, कोनाशी तुजी वळख. आनि मंग जल्मभर इचारत ऱ्हातील. ती घाबरलेली लय. माज्या नवऱ्याची नोकरी गेली, आनि रडत व्हती ती."

भगवंतांना हे खोटं म्हणता आलं नाही. त्यांनी तसंच विचारलं असतं. अंजनीला त्यांनी याहून लहान गोष्टींवरून आठवडाभर विचारलेलं होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात बाई एवढं ओझं पोटात घेऊन त्यांच्या शेजारी निजली आणि एक शब्द बोलली नाही. लाज वाटली, आणि तिची फार आठवण आली.

सदूनं ती कारखान्यात का नेऊन दिली नाही, हे त्यांनी विचारायच्या आधीच तुळशीनं सांगितलं. रेकॉर्ड ह्याच्याच घरात, आणि ह्यानं सांगायचं की वॉचमनच्या बायकोनं आणून दिली. कोण मानणार होतं? पोलिसात दिला असता. अंजनी म्हणाली होती जाळून टाका, पण सदू जाळायला तयार झाला नाही, त्या गाणाऱ्या माणसाचा काय दोष म्हणून. मग तो वीटभट्टीवर गेला, भाजी विकली, दुसऱ्याच्या शेतात राबला. घरात वाजवायचं यंत्र कधी आलंच नाही. सणासुदीला खोळीतून काढायचा, सदऱ्याच्या बाहीनं पुसायचा, थोडा वेळ मांडीवर ठेवून बोटांनी ठेका धरायचा आणि परत आत ठेवायचा. चार वर्षांमागे तो वारला.

"आनि त्या दिशी ताठ चालत व्हता, असा सायबाला म्हनालात ना तुमी," ती पुढे म्हणाली. "पाठीवर गळू झाल्ता त्याच्या. मीच पट्टी बांदल्ती."

सदऱ्याआड चौकोनी काहीतरी दिसल्याचं भगवंतांना एकेचाळीस वर्षं आठवत होतं. आता ओट्यावर बसून त्यांनी ते पुन्हा आठवून पाहिलं. सदू गेटमधून जाताना दिसला, ताठ पाठ दिसली. चौकोन काही दिसेना. तो त्यांनी साहेबासमोर उभं राहिल्यावर घातला होता.

मग त्यांनी एवढंच विचारलं की इतकी वर्षं ठेवलीत, तर आत्ताच का पाठवलीत? तुळशी म्हणाली, आमच्या घरात लग्नाचा मांडव पडायच्या आधी दुसऱ्याच्या घरचं काय असेल ते ज्याचं त्याला देऊन टाकतात. ती वस्तू तुमच्या सायकलवरून आली होती, तुमच्या घरी गेली. पोराला यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुमच्या नातीनं इथे नांदायला यायचं आहे.

भगवंत उठले. माफी मागायची असते हे त्यांना ठाऊक होतं, पण तिची सवय नव्हती, आणि शब्द सापडेनात. तबकडी त्यांनी खोळीत घातली, खोळ तुळशीसमोर धरली आणि ही सदूची आहे म्हणाले. तिनं मान हलवली. नको, आता तुमची तुम्ही ठेवा. तेव्हा त्यांनी ती पिशवीत घातली.

ओट्याची पायरी उतरायच्या आधी ते थांबले. पिशवी त्यांनी तिच्या पायाशी ठेवली, तोंड उघडं करून. आणि पंचाहत्तर वर्षांच्या त्या माणसानं दोन्ही हात वर केले.

तुळशी त्यांच्याकडे बघत राहिली. कुणी दुसरी असती तर असू द्या म्हणाली असती. तुळशी तसं म्हणाली नाही. पदर खोचून ती खाली बसली आणि पिशवीतली एकेक वस्तू बाहेर काढली. पाण्याची बाटली काढून झाकण उघडून आत पाहिलं. छत्री उघडली, मिटली. खोळीतून तबकडी काढली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि परत आत घातली. मग उठून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बोटं घातली, रुमाल काढून झटकला आणि पुन्हा घडी करून ठेवला. तिनं काही घाई केली नाही. त्या दिवशी गेटवर सदूची पाठ बघायची राहिली होती, ती कसर तिनं भरून काढली. हे सगळं होईपर्यंत भगवंतांनी हात खाली घेतले नाहीत.

शेवटी तिनं पिशवी त्यांच्या हातात दिली.

"व्हा पुढं," ती म्हणाली. "आनि साखरपुड्याला येळ करू नका."